प्रीमियर पद्मिनी: बॉनेटखालचे सगळे रबरी पाइप बदलायचे आहेत, मीटरवर मिळणारा होज कापून चालेल का?

गियरदांडी
१९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचं १०८९ सीसी, कार्बोरेटर, निव्वळ पेट्रोलवर, गॅस किट नाही. गळती आजघडीला कुठेच नाही, पण एकही रबरी पाइप कधी बदलला याची नोंद नाही. म्हणून सगळे एकदम बदलायचे ठरवले आहे.

अडचण अशी: रेडिएटरचा वरचा पाइप साच्यातला, बाक दिलेला मिळाला. खालचा कुठेच मिळत नाही. दुकानदार म्हणतात, सरळ होज मीटरवर घ्या, कापा आणि वाकवून बसवा. हे चालेल का? पेट्रोलला कुठला होज घ्यावा? आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) येतं, त्याचाही विचार करायचा आहे. क्लिप कुठल्या? आणि कापायची नीट पद्धत काय, म्हणजे टोक सरळ आणि स्वच्छ येईल?

दहाचा_पाना
आधी एक गोष्ट पक्की करा. होज नुसत्या व्यासावर घ्यायचा नसतो, आतून काय वाहणार आहे त्यावर घ्यायचा. पाणी आणि कूलंटला ईपीडीएम नावाचं रबर. पेट्रोलला नायट्राइल किंवा त्याहून चांगलं फ्लुओरोरबर. क्रँककेसच्या ब्रीदरला, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणाऱ्या पाइपाला, तेलात टिकणारं नायट्राइल. ब्रेक ऑइलला परत ईपीडीएम, पण तो पाइप कापून घ्यायचा नसतोच, त्याबद्दल पुढे कोणीतरी लिहीलच.

ईपीडीएमला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. उलट पेट्रोलचा नायट्राइल पाइप गरम कूलंटवर लावला तर तो कडक होऊन चिरतो. बाहेरून दोन्ही काळेच. म्हणून मीटरवर घेताना पाइपवर काय छापलं आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप बागेत पाणी घालायला ठेवा.

वाफारा
खालच्या पाइपाबद्दल: तो वॉटर पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला असतो. वरच्या पाइपात दाब असतो, तो फुगू पाहतो. खालच्यात इंजिनचे फेरे वाढले की ओढ तयार होते आणि मऊ पाइप आतल्या आत चपटा होतो. गंमत म्हणजे गाडी उभी असताना तो ठणठणीत दिसतो. हायवेवर ७०-८०च्या वेगाला तापमानाचा काटा चढायला लागतो, गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडेपर्यंत पाइप परत गोल झालेला असतो, आणि माणूस थर्मोस्टॅट, रेडिएटर, हेड गॅस्केट असं सगळं बदलत बसतो.

सरळ होज वाकवून लावला की नेमका बाकाच्या पोटात तो आधीच थोडा दबलेला असतो. त्यावर ओढ आली की संपलं. त्यामुळे सरळ होजला माझं साफ नाही. अगदी नाइलाज असेल तर आत स्प्रिंग घालूनच, आणि ती स्टेनलेस तारेची हवी. साधी स्प्रिंग गंजते आणि तिचे तुकडे थेट पंपाच्या पंख्यात जातात. स्प्रिंगची दोन्ही टोकं तोंडाच्या, म्हणजे पाइप जिच्यावर चढतो त्या धातूच्या नळीच्या, अलीकडेच थांबली पाहिजेत. स्प्रिंग तोंडावर चढली तर पाइप पूर्ण आत जात नाही आणि क्लिपखाली गळतो.

नाना_पेठेतला
@गियरदांडी, यापेक्षा सरळ मार्ग आहे. मॉडेलचं नाव सोडा आणि आकार धरा. जुना पाइप सोबत घेऊन पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जा, आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीचा साच्यातला पाइप शोधा ज्याच्या लांबीतला एक भाग तुमच्या बाकाशी जुळतो. ट्रक-टेम्पोचे पाइप लांब आणि दोन-तीन बाकांचे असतात, त्यातून हवा तो तुकडा निघतो.

नेताना दोन मापं लिहून न्या: दोन्ही तोंडांचा बाहेरचा व्यास, व्हर्नियरने घेतलेला. जुन्या पाइपाचा आतला व्यास मोजू नका, तो वर्षानुवर्षं ताणून मोठा झालेला असतो. होजचा आतला व्यास तोंडाच्या बाहेरच्या व्यासाएवढा किंवा जास्तीत जास्त १ मिमी कमी हवा.

कापताना बाकाच्या पुढे सरळ भाग राखा. रेडिएटरच्या तोंडावर २५ ते ३० मिमी पाइप चढायला हवा आणि तेवढा सगळा भाग सरळच असला पाहिजे. बाक तोंडाच्या कडेपासूनच सुरू झाला तर पाइपाची एक बाजू उचललेली राहते आणि क्लिप कितीही आवळा, ती बाजू पाझरते.

मीनल_म
कापायच्या पद्धतीवर थोडं सविस्तर, कारण नव्या पाइपाची गळती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

हॅकसॉ नको. दात रबर फाडतात आणि भुगा आत पडतो. कूलंटच्या पाइपात तो भुगा एकवेळ निभावतो. पेट्रोलच्या पाइपात तोच भुगा कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हखाली जाऊन बसतो, नीडल बंद होत नाही आणि कार्बोरेटर ओसंडतो. साधी कात्री किंवा कटिंग पक्कडही नको, ती पाइप दाबून अंडाकृती करते आणि काप तिरका येतो.

बारीक पाइपाला, म्हणजे साधारण १२ मिमीपर्यंत, पीव्हीसी पाइप कापायचा रॅचेट कटर उत्तम. पातं नवं हवं. जाड पाइपाला मोठ्या कटरचं कोरं पातं घ्या. पाइपाच्या आत बसेल असा लाकडी दांडका घाला, म्हणजे भिंत दबत नाही. बाहेरून खुणेवर एक होज क्लिप चढवा, तिची कड ही तुमची पट्टी. पातं साबणाच्या पाण्यात बुडवून त्या कडेला धरून पाइप गोल फिरवत कापा. एका दमात आरपार जायचा प्रयत्न करू नका, पहिली फेरी वरचं रबर, दुसरी दोऱ्याचं जाळं, तिसरी आतलं अंग. पातं कोरडं असलं की रबरात अडकतं आणि काप वाकडा जातो.

दोऱ्याचं जाळं स्वच्छ कापलं जाणं महत्त्वाचं आहे. दोरे लोंबत राहिले तर त्यांच्यातून कूलंट वातीसारखं पुढे चढतं, आणि क्लिपच्या पलीकडे पाइपाच्या मधल्या भागावर ओल दिसते. लोक त्याला पाइप फाटला समजतात.

कापण्याआधी पाइपावर लांबीभर खडूची एक सरळ रेघ मारा. बसवल्यावर रेघ पिळलेली दिसली तर पाइप पिळलेला आहे, सैल करून सरळ करा. आणि कापून झालं की आतून ओलं फडकं ओढून घ्या, मग हवा मारा.

कुणाल_डोंबिवली
वाचनखूण साठवली. मीनलताई, दांडक्याची युक्ती भारी आहे.

अण्णा_सातारकर
मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. गळत नाही तर हात का लावायचा? जुन्या पाइपाचं रबर दमदार असतं. आज पद्मिनीच्या नावाने जे विकलं जातं त्यातलं बरंचसं कोणी, कशात ओतलं याचा पत्ता नसतो. चांगला चालणारा जुना पाइप काढायचा, काढताना रेडिएटरचं तोंड वाकवायचं आणि सहा महिन्यांत फाटणारा नवा लावायचा, यात काय मिळवलं?

रबरशास्त्री
अण्णा, नव्या मालाबद्दलची शंका रास्त आहे. पण "गळत नाही म्हणजे चांगला आहे" हे रबराला लागू होत नाही. कूलंटचे पाइप आतून मरतात. इंजिनचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, रेडिएटर पितळ-तांब्याचा, मध्ये वीज वाहून नेणारं पाणी. या जोडीमुळे पाइपाच्या आतल्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडत जातात, त्याही टोकांजवळ. त्या चिरांतून कूलंट दोऱ्यापर्यंत पोचतं, दोरा कमजोर होतो आणि एके दिवशी पाइप लांबीत उकलतो. बाहेरून शेवटपर्यंत काही दिसत नाही.

तपासायची रीत: इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपपासून ३-४ सेंमीवर पाइप अंगठा आणि बोटात चिमटा. मग तसाच मधोमध चिमटा. टोकाजवळ मधल्या भागापेक्षा मऊ लागलं, किंवा बोटाला आत खाच लागल्यासारखी वाटली, तर तो पाइप काढा. दाबल्यावर कुरकुर आवाज आला तर तो कडक होऊन चिरला आहे. तेल लागून फुगलेला भाग बोटाला चिकट आणि स्पंजासारखा लागतो, त्यात आधी तेलाची गळती बंद करा, नाहीतर नवाही तसाच होईल.

नव्या मालाबद्दल: दुकानात पडून राहिलेला "ओरिजिनल" पाइप हासुद्धा जुनाच पाइप आहे. पाकीट कोरं असलं तरी वय त्याचंही झालेलं असतं. घेताना वाकवून बाकाच्या पाठीवर बारीक भेगा दिसतात का बघा.

अण्णा_सातारकर
टोकाजवळ चिमटायचं हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मान्य. पण काढताना तोंड वाकतं त्याचं काय?

दहाचा_पाना
अण्णा, तोंड वाकतं ते पाइप पिळून आणि स्क्रू ड्रायव्हर खुपसून काढल्यामुळे. बदलायचाच आहे तर तो वाचवायचा कशाला? मधून कापून टाका. तोंडावर उरलेल्या तुकड्याला लांबीत एक चीर द्या, पण पातं शेवटपर्यंत दाबू नका, आतला अर्धा-एक मिमी सोडा. मग चीर बोटांनी उकलली की उरलेलं आपोआप फाटतं. असं केलं की तोंडावर पात्याची खूण पडत नाही. पडली तर तीच पुढे गळतीची वाट होते.

पद्मिनीच्या रेडिएटरचं तोंड पितळी आणि डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेलं असतं. पाइप धरून हिसडा दिला की डागच उखडतो. थर्मोस्टॅटवरचं ॲल्युमिनियमचं तोंड तर आणखी ठिसूळ.

तोंड साफ करायला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, तोही गोल फिरवत, लांबीत नाही. लांबीत मारलेले ओरखडे म्हणजे पाण्याला पन्हळ. ॲल्युमिनियमच्या तोंडाला खड्डे पडले असतील तर धातूचं इपॉक्सी भरा, सुकल्यावर पेपरने गोल करा. खड्ड्यांवर नुसता पाइप चढवून क्लिप आवळत बसलात तर ती झुंज हरणारच.

सिलिकॉन_समर्थक
एवढी यातायात करण्यापेक्षा सिलिकॉनचे पाइप घ्या. बाकाचे तुकडे वेगळे मिळतात, ४५, ९० आणि १३५ अंशांचे. मध्ये ॲल्युमिनियमची नळी घालून जोडता येतात. उष्णतेला ईपीडीएमपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

रबरशास्त्री
कूलंटला चालतील, तीन अटींवर. एक, क्लिप आतून सपाट पट्टीची हवी. भोकांच्या पट्टीतून सिलिकॉन वर येतं आणि कापलं जातं. दोन, जोडनळीच्या टोकांना कंगोरा (गोल उठलेली कड) हवा, गुळगुळीत नळीवरून दाबाखाली पाइप सरकतो. तीन, सिलिकॉनमधून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते, म्हणून पातळी जास्त वेळा बघावी लागते.

पण पेट्रोलला साधं सिलिकॉन अजिबात नाही. ते पेट्रोल आरपार सोडतं, फुगतं आणि कार्बोरेटरच्या नळीवरून सटकतं. ब्रीदरलाही नाही, तेलाने त्याची वाट लागते. हे ठळक करून लिहितोय, कारण निळे-लाल पाइप दिसायला छान म्हणून लोक सगळीकडे लावतात.

वाफारा
जोडनळीवरून: कृपा करून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा तुकडा घालू नका. आतून गंजतो आणि तो गंज रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. पितळ किंवा स्टेनलेस घ्या. आणि जोड असलेला पाइप लोंबता ठेवू नका, जोडाचं वजन इंजिनच्या थरथरीत हलत राहतं. पंख्याच्या पट्ट्यापासून किमान १५-२० मिमी अंतर ठेवा. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं आहे, एक्सिलरेटर दाबला की ते कलतं, तेव्हाचं अंतर धरा.

श्टुटगार्टहून_विजू
इथे जर्मनीत जुन्या फोक्सवॅगन बीटल बऱ्याच आहेत. हवेवर थंड होणारं इंजिन, म्हणजे रेडिएटरचे पाइप नाहीतच, पण पेट्रोलच्या पाइपाने गाडी जळण्याची भीती या गाडीइतकी क्वचितच कुठे असेल. इंजिन मागे, त्याची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. एकदा पेटली की पाण्याने विझत नाही.

मूळ पाइप ५ मिमी आतल्या व्यासाचा, वरून सुती विणीचा. ती वीण दिसायला सुंदर, पण तिच्याखाली रबर चिरलेलं असलं तरी दिसत नाही. हा मुद्दा सगळ्या जुन्या गाड्यांना लागू आहे: विणीचा पाइप नजरेने तपासता येत नाही, वयावरच बदलायचा. विणीचा लावायचाच असेल तर आत फ्लुओरोरबर असलेला घ्या. आणि कार्बोरेटरमध्ये ठोकून बसवलेली पितळी नळी सैल झाली आहे का बघा. पाइप नवा, क्लिप नवी, आणि नळीच पाइपासकट बाहेर येते.

घाटवळण
ई२०चा प्रश्न मागे पडला. फेब्रुवारी २०२३पासून ते ठरावीक पंपांवर सुरू झालं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. जुन्या नायट्राइलच्या पाइपात इथेनॉल शिरलं की रबर फुगतं आणि रबर मऊ ठेवणारे घटक धुऊन निघतात. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली आणि पाइप सुकला की तो आकसतो, कडक होतो. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा झाकून ठेवलेल्या गाडीचे पाइप लवकर जातात.

पाइपावर "एसएई जे३० आर९" हे पेट्रोलच्या होजचं मानक छापलेलं शोधा. आर६ आणि आर७ म्हणजे आतलं अंग नायट्राइलचं. आर९मध्ये आत फ्लुओरोरबरचा पातळ थर असतो. कापून टोक उजेडात धरलं की आतल्या थराची छटा बहुतेकदा वेगळी दिसते. एकसारखं काळं दिसलं तर नुसत्या छापावर विश्वास ठेवू नका. ५ सेंमीचा तुकडा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत पंपावरच्याच पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा, घराबाहेर आणि सावलीत. आधी आणि नंतर लांबी, जाडी मोजा. पेट्रोल काळवंडलं किंवा तुकडा ठळकपणे लांबला तर तो पाइप परत करा.

हा आतला थर पातळ असल्यामुळे चढवताना जपायचं. पाइप पेट्रोलच्या थेंबाने ओला करून सरळ ढकला, उगाच पिळू नका. धारदार कड असलेली नळी तो थर खरवडते, म्हणून नळीच्या टोकाची कड आधी कानशीने मारून, पुसून घ्या.

मीनल_म
घाटवळण यांच्या प्रतिसादाला जोडून, पेट्रोलच्या कामाचा क्रम. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इंजिन थंड. काम उघड्यावर, खड्ड्यात किंवा बंद गॅरेजमध्ये नाही, कारण पेट्रोलची वाफ जड असते आणि खाली साचते. अग्निशामक हाताशी, पायरीवर नाही. टाकीकडून येणारी नळी काढली की पेट्रोल आपोआप वाहू शकतं, म्हणून बूच तयार ठेवा.

पेट्रोल पंप इंजिनवर आहे आणि टाकी मागे. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी ओढीची बाजू. तिथे पाइप चिरला तर पेट्रोल ठिबकेलच असं नाही, उलट हवा आत शिरते. लक्षण: चढावर गाडी दम तोडते, सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, काचेच्या फिल्टरात बुडबुडे दिसतात. लोक पंपाचा डायफ्रॅम बदलतात आणि दोष टाकीजवळच्या बोटभर रबराचा असतो. म्हणून बॉनेटखालचे बदलताना डिकीकडचा तुकडा विसरू नका. टाकी भरायच्या गळ्याचा जाड पाइप आणि हवेची बारीक नळीसुद्धा त्यातच आली.

गियरदांडी
सगळ्यांचे मनापासून आभार. टाकीकडचा तुकडा माझ्या यादीत नव्हता. क्लिपबद्दल कोणी सांगेल का?

दहाचा_पाना
रेडिएटरला १२ मिमी रुंद पट्टीची स्क्रूवाली क्लिप, कडा बाहेर वळलेल्या, स्टेनलेस. चुंबक लावून बघा: पट्टी चिकटत नाही पण स्क्रू चिकटतो अशा क्लिपा असतात, त्यांचा स्क्रू गंजून पुढच्या वेळी फिरत नाही. क्लिप कंगोऱ्याच्या पलीकडे, म्हणजे रेडिएटर किंवा इंजिनच्या बाजूला बसवा, आणि पाइपाच्या टोकापासून ३ ते ५ मिमी आत. कंगोऱ्यावरच आवळली तर ती घसरते. रबर पट्टीच्या भोकांतून वर यायला लागलं की जास्त झालं, तिथे थांबायचं नाही, मागे यायचं.

पेट्रोलच्या बारीक पाइपाला मात्र भोकांची क्लिप नको. एवढ्या लहान व्यासाला ती गोल बसत नाही, स्क्रूच्या घरट्याखाली फट राहते. नट-बोल्टची, सपाट पट्टीची छोटी क्लिप घ्या, पट्टी ९ मिमीच्या आसपास.

अण्णा_सातारकर
दोन तारांची जुनी क्लिपच मला भरवशाची वाटते. मूळ गाडीवर तीच शोभते.

वाफारा
शोभते हे खरं, आणि रॅलीत दाखवायची गाडी असेल तर लावाच. पण तार अरुंद, सगळा ताण दोन रेघांवर येतो आणि नव्या मऊ रबरात रुतते. लावलीत तर पहिल्या गरम-थंड फेरीनंतर एकदा, आणि महिन्याभराने परत एकदा, थंड इंजिनवर हलकेच आवळा. नवं रबर दबून बसतं. स्क्रूच्या क्लिपलाही हेच करायचं. थंडीच्या सकाळी थेंब दिसतो आणि इंजिन तापलं की बंद होतो, तो याच कारणाने.

मायनर१०००
थोडं विषयांतर. मॉरिस मायनरवाल्यांनी बायपासचा छोटा पाइप विसरू नये. हेड आणि वॉटर पंपाच्या मध्ये दोन-अडीच इंचांचा तुकडा, वाकवायला जागाच नाही. पंप किंवा हेड न काढता बदलायचा तर घड्यांचा, अकॉर्डियनसारखा पाइप घ्या. केबल टायने दाबून आखूड करा, जागेवर ठेवून टाय कापा, दोन्ही टोकं आपोआप चढतात. क्लिपा आधीच पाइपावर ओवून ठेवा आणि स्क्रूची तोंडं अशी फिरवा की स्क्रू ड्रायव्हर पोचेल. पंप कधी उघडाल तेव्हा मात्र जाड, साधा पाइप बसवून टाका.

तेजस_पनवेल
ब्रेकचे पाइपही याच वेळी करावेत का? मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हायड्रॉलिक पाइप मापाने कापून, दोन्ही टोकांना फिटिंग दाबून देतात.

रबरशास्त्री
तेजस, करावेत जरूर, पण तसे नाही. हे कृपया सगळ्यांनी वाचा. यंत्रांचा हायड्रॉलिक पाइप खनिज तेलासाठी असतो, त्याचं आतलं अंग साधारणपणे नायट्राइलचं. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉलवर्गी. ते नायट्राइलला फुगवतं. पाइप दाब सहन करेल, कारण तो त्याहून मोठ्या दाबासाठी बनवलेला आहे, पण आतून फुगून वाट बंद होईल. ब्रेक दाबले की ऑइल पुढे जाईल, सोडले की परत येणार नाही. चाक धरून राहील, ड्रम तापेल.

ब्रेकचा पाइप कापायचा नाही, जोडायचा नाही, क्लिप लावायची नाही. फिटिंगसकट तयार, त्या गाडीच्याच थ्रेडचा आणि लांबीचा घ्यायचा, त्यावर एसएई जे१४०१ छापलेलं असावं. पुढे दोन, मागे ॲक्सलवर एक. जुना पाइपही आतून असाच सोलवटतो, म्हणून एकच चाक तापत असेल तर ब्रेक शूच्या आधी पाइपाकडे बघा.

दहाचा_पाना
+१. आणि काम करताना पाइप व्हाइस ग्रिपने चिमटून ऑइल थांबवायची सवय सोडा, आतलं अंग तिथेच फाटतं. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. आधी लोखंडी नळीचा नट सोडवा, मग पाइप फिरवा, उलट केलं तर नळीच पिळते. नटाला फ्लेअर नट पाना लावा, साध्या पान्याने कोपरे जातात. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून, चाक लोंबतं असताना आणि टेकलेलं असताना पाइप कुठे घासतो का बघा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी. ऑइल रंगावर सांडलं तर पुसू नका, पाण्याने धुवा.

घाटवळण
पाइप बसल्यावर पाणी भरण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. काढताना निघालेलं पाणी बादलीत मोजा, म्हणजे भरताना तेवढंच परत गेलं की नाही कळतं. कमी गेलं तर हवा अडकली आहे. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा. रेडिएटरची टोपी काढून इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, मध्ये मध्ये वरचा पाइप फडक्याने धरून दाबा, बुडबुडे निघतील.

बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या. आपल्याकडच्या हवेत ३० टक्के कूलंट पुरतं, ते पाणी गोठू नये म्हणून नसून गंज अडवण्यासाठी आहे. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका, एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

आणि नवे पाइप आले म्हणून जास्त दाबाची टोपी लावू नका. १ पीएसआयला उकळबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो हे खरं, पण तो दाब जुन्या रेडिएटरच्या डागांवर आणि हीटरच्या जाळीवरही पडतो.

गियरदांडी
प्रगती सांगतो. नाना पेठेत दोन बाकांचा लांब पाइप मिळाला, एक बाक खालच्या पाइपाशी तंतोतंत जुळतो. पेट्रोलचा आर९ मिळाला, तुकडा बरणीत ठेवला आहे. पण व्हर्नियरने मोजल्यावर नवी अडचण निघाली: पंपाकडचं तोंड रेडिएटरच्या तोंडापेक्षा ३ मिमीने मोठं आहे. रेडिएटर कधीतरी बदललेला दिसतो. पाइप पंपाच्या मापाचा घेतला आहे, रेडिएटरकडे सैल बसतो. क्लिप आवळली तर घडी पडते.

वाफारा
घडी पडली म्हणजे तिथे गळणारच. लहान मापाचा घेऊन पंपावर ताणून चढवणंही नको, १ मिमीपर्यंत ठीक, ३ मिमीला दोऱ्याचं जाळं सतत ताणलेलं राहतं.

सिलिकॉन_समर्थक
रेडिएटरच्या तोंडावर पातळ होजची बाही चढवून त्यावर पाइप?

दहाचा_पाना
तात्पुरती चालेल, पण गळायच्या दोन जागा होतात आणि एकाच क्लिपने दोन्ही आवळाव्या लागतात. कायमचं काम रेडिएटरवाल्याकडे. रेडिएटर तसाही उतरवलेला आहे. तोंड पितळेचं आहे, तो जुनं तोंड डाग सोडवून काढेल आणि पंपाएवढ्या व्यासाचं, कंगोरा असलेलं नवं लावून देईल. नवं तोंड टाकीच्या भोकाला जुळत नसेल तर जुन्यावर पितळी बाही डाग देऊन चढवता येते, मात्र त्या बाहीलाही कंगोरा काढून घ्या. त्याच फेरीत दाब देऊन, पाण्यात बुडवून तपासायला सांगा. आणि पाइप अजून कापला नसेल तर थांबा. तोंड लागून रेडिएटर जागेवर बसू दे, मग इंजिनच्या बाजूने चढवून, खूण करून रेडिएटरच्या बाजूचं टोक कापा.

गियरदांडी
कापलेला नाही. उद्या रेडिएटर घेऊन जातो. पंपाकडे ३० मिमी चढवून खूण करायची आणि रेडिएटरकडे तेवढेच धरायचे ना?

दहाचा_पाना
रेडिएटरकडचं नवं तोंड मोजूनच ठरवा. तोंडाची लांबी २५ असेल तर २५. टोक टाकीच्या पत्र्याला टेकू देऊ नका, २ मिमी मोकळे सोडा, नाहीतर थरथरीत पत्रा घासतो. खूण केल्यावर ५ मिमी जास्त ठेवून कापा, लावून बघा, मग शेवटचा काप घ्या.